काळ्या केसांची कुळकथा

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेकडील पायथ्याशी जी जुनी वस्ती आहे, तिला सारे शहर 'किला गेट' या नावाने ओळखते. लष्करातील मराठी मंडळीही 'किल्ल्याचा दरवाजा' असे न म्हणता 'किला गेट'च म्हणतात. दोनशे वर्षांच्या शेजारात अशी देवाणघेवाण व्हावयाचीच. १६६० साली मोतमिदखानाने बांधलेला आलमगिरी दरवाजा येथे आहे आणि गडाची चढण त्यातूनच सुरू होते. आत शिरताच गुजरी महाल लागतो. थोड्याच अंतरावर महंमद घौस यांची कबर आणि तिच्या सावलीत तानसेनाची. इतिहासाच्या जिज्ञासूने येथे यावे ते या वास्तूंसाठी. परंतु, श्रोतेहो, आज मी ज्या इतिहासाविषयी आपल्याशी बोलणार आहे, तो मला त्या चौकातील एका लहानशा दुकानात, दोरीला टांगलेला सापडला.

दुकानाच्या फळीवरून पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. सुपारी, शाम्पू, दंतमंजन आणि त्यांच्या मधोमध केस काळे करण्याच्या पुड्या. काहींवर 'कलप' असे लिहिलेले, काहींवर 'काळी मेंदी'. दोन पेले चहाच्या किमतीत कोणाही गृहस्थाने दहा वर्षांनी तरुण व्हावे, अशी ती सोय होती. पुडीच्या पाठीवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत काही मजकूर होता. छापलेले काही दिसले की ते वाचल्यावाचून शिक्षकाला राहवत नाही. मी चष्मा सरसावून वाचू लागलो, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, "मास्साब, ये कोई नहीं पढ़ता।"

त्याचे म्हणणे खरे होते आणि त्याचा पुरावा आमच्या गल्लीतच होता. शेजारच्या घरात एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना काका म्हणते. गेली बारा वर्षे ते महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, मोरीत बसून स्वतःच्या हाताने कलप लावीत. धाकट्या मुलीचे लग्न ठरले. लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांनी नेहमीप्रमाणे पुडी कालवली. त्या रात्री टाळूला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी कान आणि कपाळ लाल झाले, अंगावर पुटकुळ्या उठल्या. लग्नाच्या सकाळी पापण्या अशा सुजल्या की डोळ्यांच्या जागी दोन बारीक रेघा राहिल्या. डॉक्टरांनी औषध दिले, पण सूज काही मुहूर्त पाहून उतरत नाही. काका कन्यादानाला बसले खरे, परंतु हातात हात देताना लेकीचा चेहरा त्यांना धड दिसला नाही. पुढे कित्येक दिवस ते एवढेच सांगत असत. खाजेचे आणि सुजेचे त्यांना काही वाटत नव्हते.

बरे झाल्यावर त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "मास्तर, आमचे आजोबा याच घरात कलप लावीत. ऐंशीव्या वर्षापर्यंत लावीत. त्यांना कधी काही झाले नाही. मलाही बारा वर्षे झाले नाही. मग आताच काय म्हणून व्हावे?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर द्यावयास मला बरेच मागे जावे लागले. कारण आजोबांचा कलप आणि नातवाचा कलप यांत नावाखेरीज दुसरे काहीच समान उरलेले नाही.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याजवळ छावणी घातली, तिचे लष्कर शहर झाले. त्यापूर्वी शिंद्यांची राजधानी उज्जैनला होती. त्याच अवंती देशात सहाव्या शतकात वराहमिहिर होऊन गेला. त्याला आपण ज्योतिषी म्हणून ओळखतो, परंतु त्याच्या बृहत्संहितेत पाऊसपाण्यापासून रत्नपरीक्षेपर्यंत काय नाही असे नाही. सुगंधी द्रव्यांवरही त्यात एक अध्याय आहे आणि तो अध्याय अत्तराने नव्हे, तर कलपाने सुरू होतो. डोक्याचे केस पांढरे झाले की माळा, वस्त्रे, अलंकार काहीच शोभत नाही, म्हणून केस रंगविण्याकडे लक्ष द्यावे, असे तो प्रारंभीच सांगतो. त्याने दिलेली कृती अशी: लोखंडी भांड्यात कोद्र्याचे तांदूळ आंबवलेल्या आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवावे, ते बारीक वाटावे, केस त्याच आंबट द्रवाने ओले करून त्यांवर हा लेप द्यावा आणि ओल्या पानांनी डोके बांधून बसावे. दोन प्रहर लोटले की तो काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हा पानांनी झाकावे आणि आणखी दोन प्रहरांनी धुवावे. डोके काळे होते. प्रहर तीन तासांचा धरला, तर हा खटाटोप बारा तासांचा झाला. मौज पुढेच आहे. लोखंडाचा व आंबटाचा वास डोक्याला राहतो, तो सुगंधी तेलांनी व धूपांनी घालवून मगच राजाने अंतःपुरात जावे, असेही तो सुचवितो. ही सूचना अनुभवावाचून सुचली असेल, असे मला वाटत नाही.

या कृतीत जादू नाही, मंत्रही नाही. आंबट द्रवात लोखंड थोडे विरघळते आणि केसांत मुरते. आवळ्यात तुरट द्रव्य असते. ते लोखंडाला भेटले आणि हवा लागली की काळाकुट्ट रंग तयार होतो. मी हा प्रयोग वर्गात करून दाखवितो. बिनदुधाचा गार चहा पेल्यात घ्यावयाचा आणि त्यात गंजक्या खिळ्यांचे, लिंबू पिळलेले पाणी थेंब थेंब सोडावयाचे. चहा मुलांच्या डोळ्यांदेखत काळवंडतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई जुने लोक घरी करीत, तिचेही मर्म हेच. रंगारी कापडाला आधी लोहाचे पाणी पाजतो आणि मग हिरड्याच्या काढ्यात बुडवितो. वराहमिहिराने राजाचे डोके रंगाऱ्याच्या हौदाप्रमाणेच हाताळले, एवढेच.

आयुर्वेदाच्या ग्रंथांतही पिकलेल्या केसांवर लोहचूर्ण, आवळा, हिरडा, माका, नीळ हीच मंडळी पुनःपुन्हा भेटतात. काकांच्या आजोबांचा कलप याच कुळातला होता. काकूंच्या सांगण्याप्रमाणे घरात एक लोखंडी कढई त्यासाठीच ठेवलेली असे. रात्री तीत आवळकाठी आणि मेंदी भिजत पडे, सकाळी आजोबा तो लगदा डोक्याला थापून उन्हात बसत. केस काळे होत, पण कडेला तांबूस झाक राही. कोणी थट्टा केली की आजोबा म्हणत, सूर्यही उगवताना तांबडाच असतो.

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. पांढऱ्या केसाला आपल्या पूर्वजांनी नेहमीच शत्रू मानले असे नाही. पाली जातकांत मखादेव राजाची कथा आहे. डोक्यावर पहिला पांढरा केस दिसताच मला सांग, असे त्याने न्हाव्याला बजावून ठेवले होते. तो केस तळहातावर आला तेव्हा त्याने राज्य सोडले. रघुवंशात कालिदासाने दशरथाच्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांकडून, आता रामाला राज्य दे, असे त्याच्या कानात सांगविले आहे. ज्या उज्जयिनीशी कालिदासाचे नाव परंपरेने जोडले जाते, तिच्याच परिसरात तोच केस काळा करण्याची कृतीही लिहिली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही प्रवृत्ती माणसात एकत्रच नांदत आल्या. डोंगरावरील प्रवचनात येशूने, शपथ वाहू नका हे सांगताना, माणसाला स्वतःचा एक केसही पांढरा किंवा काळा करता येत नाही, असा दाखला दिला आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ऐकले की माझ्या डोळ्यांपुढे गल्लीतल्या न्हाव्याची रंगाची वाटी येई आणि मी गोंधळून जाई. पुढे कळले की मुळाशी वाढणाऱ्या केसावर त्या वाटीची सत्ता चालत नाही. महिन्याभरात खालून पांढरी रेघ डोकावतेच.

आता मेंदी आणि नीळ यांच्याकडे वळू. मुसलमान समाजात पांढरे केस रंगविण्याची जुनी परंपरा आहे. त्या रंगाला खिजाब म्हणतात. त्यात मेंदीला मान आहे, निव्वळ काळ्या रंगाविषयी मात्र अनेक धर्मज्ञ नाखूष असतात. म्हणूनच घौसांच्या कबरीच्या वाटेवर आजही केशरी दाढीचे वृद्ध भेटतात. मेंदीच्या पानातील रंगद्रव्य केसातील प्रथिनाला घट्ट चिकटते आणि नारिंगी-तांबडा रंग देते. ज्याला याहून गडद रंग हवा, तो मेंदी धुतल्यावर नीळीच्या पानांचा लेप देतो. या पानांच्या पुडीला 'वस्मा' हा जुना शब्द आहे. नीळीचे पान हिरवे असते, त्याचा रंग हवेत उमलतो; म्हणून लेप पाण्यात कालवून लगेच लावावा लागतो आणि धुतल्यानंतरही दिवसभर केस गडद होत राहतात. तांबड्यावर निळा चढला की काळा दिसतो. सतराव्या शतकात आग्ऱ्याजवळच्या बयाण्याची नीळ युरोपपर्यंत प्रसिद्ध होती आणि आग्ऱ्याहून बऱ्हाणपुरावरून सुरतेस जाणारा हमरस्ता ग्वाल्हेरवरून, या किल्ल्याच्या नजरेखालूनच जात असे. व्यापारी नीळ खरेदी करीत ती कापडासाठी. पण ज्या मुलखात नीळ पिकत होती, तेथे केसांसाठी मूठभर पाला कोणाला कमी पडला असेल!

येथवरचा कलप वेळखाऊ होता, घाणेरडा होता, त्याचा रंगही नेमका येत नसे. या तिन्ही तक्रारी एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाने दूर केल्या. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने क्विनाईन बनविण्याच्या खटपटीत जांभळा रंग बनविला. डांबरापासून रंगांचा कारखाना निघू शकतो, हे जगाला कळले. पर्किनचे गुरू हॉफमन यांनी १८६३ मध्ये एका द्रव्याचे वर्णन केले. त्याचे नाव पॅरा-फेनिलीन-डायअमाइन. नाव लांबलचक आहे, पण त्याचे 'पीपीडी' हे संक्षिप्त रूप ध्यानात ठेवावे. पुडीवर ते याच नावांनी भेटते. हे द्रव्य आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून केस रंगविण्याचे पेटंट १८८३ मध्ये फ्रान्समध्ये घेतले गेले. १९०७ मध्ये यूजेन श्यूलेर या तरुण फ्रेंच रसायनज्ञाने आपला केशरंग तयार केला आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. पुढे ती लोरेआल म्हणून जगभर गाजली. परंतु तिचे मूळचे नाव पाहा: 'केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. निरुपद्रवी हा शब्द थेट नावात घालावा लागला, यावरूनच त्या काळी लोकांच्या मनात काय शंका होती ते दिसते. ती शंका निराधार नव्हती. जर्मनीने तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच केशरंगात पीपीडी वापरण्यास मनाई केली होती.

या रंगाची करामत समजून घेण्यासारखी आहे. पीपीडीचे रेणू लहान व जवळजवळ रंगहीन असतात. अमोनियासारख्या द्रव्याने केसावरची खवले सैल पडतात आणि हे रेणू आत शिरतात. पेरॉक्साइडमुळे आत गेल्यावर ते एकमेकांशी जुळून मोठे, गडद रेणू बनतात. मोठे झाल्यामुळे त्यांना बाहेर येता येत नाही. म्हणून अर्ध्या तासात केस काळे होतात आणि धुतल्याने रंग जात नाही. बारा तासांचे काम अर्ध्या तासावर आले. परंतु जे रेणू केसात शिरतात, ते टाळूच्या कातडीतही शिरू शकतात. काहींच्या शरीरात तेथील पहारेकरी पेशी या रेणूला परका म्हणून ओळखून ठेवतात. ही ओळख पहिल्या दिवशीच होते असे नाही. पाचव्या वर्षी होईल, बाराव्या वर्षी होईल. एकदा झाली की शरीर सहसा विसरत नाही. आणि त्याचा उद्रेकही तत्काळ होत नाही, एकदोन दिवसांनी होतो. काकांच्या "मग आताच का?" या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. बारा वर्षे काही झाले नाही, हा तेराव्या वर्षाचा जामीन नव्हे.

उरलेले अर्धे उत्तर पुडीच्या पाठीवर होते. ते वाचले तेव्हा मी चकित झालो, कारण त्या बारीक अक्षरांतले एक वाक्य मी दुसऱ्याच संदर्भात पूर्वी वाचलेले होते.

१९३३ साली अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या रंगविण्याचा रंग विकला जात असे. त्यात हेच पीपीडी होते. ओहायो राज्यातील डेटन शहरातील एक गृहिणी समारंभाला जावयाचे म्हणून प्रसाधनगृहात गेली आणि तेथे तिच्या पापण्यांना तो रंग लावण्यात आला. काही तासांत डोळ्यांची आग होऊ लागली. शेवटी तिची दृष्टी गेली. अशा आणखीही काही स्त्रिया होत्या, एकीचा तर मृत्यू झाला. अमेरिकन सरकारचे अधिकारी हळहळले, पण त्यांचे हात बांधलेले होते. १९०६ च्या त्यांच्या कायद्यात अन्न होते, औषधे होती, सौंदर्यप्रसाधने नव्हती. तेव्हा अधिकाऱ्यांनी या अभागी स्त्रियांची छायाचित्रे एका प्रदर्शनात मांडली. वृत्तपत्रांनी त्या प्रदर्शनाला भीषण दालन असे नाव दिले. लोकमत पेटले आणि १९३८ मध्ये नवा कायदा झाला. त्याखाली जो माल प्रथम जप्त झाला, तो लॅश ल्यूर होता.

पण कायदा करणाऱ्यांनी एक तडजोड केली. केसांच्या डांबरी रंगांवर त्यांनी बंदी घातली नाही. त्यांनी एवढेच म्हटले की, वेष्टनावर ठराविक इशारा छापा आणि विका. या वस्तूतील घटकांमुळे काही व्यक्तींच्या त्वचेला दाह होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्यावी. पापण्या वा भुवया रंगविण्यास ती वापरू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, असा तो इशारा. आपल्याकडे १९४० चा औषधांचा कायदा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली आणि त्याखालील नियमांत हाच इशारा जवळजवळ शब्दशः उतरला. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले, त्यांतही तो कायम आहे. तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावा, असा दंडक आहे. डेटनमधील त्या स्त्रीचे डोळे गेले, आणि तिच्या दुःखाचे एक वाक्य नव्वद वर्षांनी किला गेटच्या दुकानात दोरीला टांगलेले होते. काकांनी अशी दीडशे वाक्ये फाडून टाकली असतील.

त्या नियमात चाचणीची रीतही सांगितली आहे. कानामागची किंवा कोपर ते मनगट या भागातील हाताच्या आतील बाजूची थोडी जागा साबणाने स्वच्छ करावी, लावावयाचा रंग तयार करून त्यातला किंचित तेथे लावावा, वाळू द्यावा आणि चोवीस तासांनी धुवावा. खाज, लाली, फोड काही नसेल तरच पुढे जावे. आणि त्यानंतरचे शब्द महत्त्वाचे: ही चाचणी प्रत्येक वेळी, रंग लावण्यापूर्वी करावी. नियम करणाऱ्यांना बाराव्या वर्षाची कल्पना होती. त्वचारोगतज्ज्ञ तर आणखी एक दिवस थांबावयास सांगतात, कारण हा दाह उशिरा उमटतो. लग्नाची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते. कानामागे ठिपका लावावयास दोन दिवस मिळत नाहीत असे कोण म्हणेल? ज्याला पूर्वी एकदा त्रास झाला आहे, त्याने मात्र चाचणीच्याही वाटेस जाऊ नये. डॉक्टरांना विचारावे आणि पीपीडीपासून कायमचे दूर राहावे. तिची रासायनिक भावंडेही असतात आणि तीही तसाच दगा देऊ शकतात.

आता 'काळी मेंदी'. काकांनी लावली होती ती हीच आणि त्यांचा सारा विश्वास मेंदी या शब्दावर होता. पण मेंदी काळी नसते. ती हिरवी असते, लावल्यावर नारिंगी होते. अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या पुडीत मेंदी असलीच तर नावापुरती. काम करते ते बहुधा पीपीडीच. हातावर काळी नक्षी काढण्यासाठीही हेच मिश्रण वापरतात. एखाद्या मुलीच्या शरीराला लहानपणी त्या नक्षीतून या द्रव्याची ओळख पटते आणि पुढे पन्नाशीत तिला कलप सोसत नाही. आजोबांच्या कढईतला शब्द नातवाच्या पुडीवर छापला गेला, आतला माल मात्र बदलला. माझ्या मते यात खरी फसवणूक शब्दाची आहे.

याच द्रव्याची एक अधिक गंभीर बाजू आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. येथून शंभर किलोमीटरवर झाशी आहे. तेथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी या शतकात केशरंग पोटात गेल्याने विषबाधा झालेल्या शेकडो रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आहे. चेहरा आणि गळा सुजून श्वास कोंडतो, स्नायूंची मोडतोड होते, लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात. यावर नेमका असा उतारा नाही. वेळेवर रुग्णालयात पोचणे हाच उपाय. कोणाच्याही पोटात हा रंग गेला, तर घरगुती इलाज करीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे आणि पुडीचे वेष्टन सोबत न्यावे. ज्या घरात मुले आहेत किंवा कोणाचे मन दुःखात आहे, तेथे ही पुडी कुलपाबाहेर असता कामा नये. मोरीच्या कोनाड्यात, मिठाच्या पुडीशेजारी ती ठेवलेली मी पाहिली आहे.

ज्यांना बाजारचा रंग सोसतो आणि तो सोडावयाचा नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांनी चाचणीबरोबर आणखी थोडे पथ्य पाळावे. टाळूला जखम वा खरचटलेले असेल तर थांबावे. हातमोजे घालावे, कपाळावर आणि कानांच्या कडेला थोडे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे, खिडकी उघडी ठेवावी. हा रंग धातूच्या भांड्यात कालवू नये. काचेची वा चिनी मातीची वाटी घ्यावी. सांगितलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ ठेवल्याने केस अधिक काळे होत नाहीत, कातडी मात्र अधिक भाजते. उरलेला कालवलेला रंग बाटलीत झाकण लावून ठेवू नये, आत वायू साठून बाटली फुटू शकते. मिशीला लावताना ओठ सांभाळावे. भुवयांना तर लावूच नये; मिशा काळ्या आणि भुवया पांढऱ्या हे सोंग वाटेल, तर वाटू द्यावे. लावल्यावर आग होऊ लागली तर घड्याळ न पाहता भरपूर पाण्याने धुवावे. आणि चेहरा सुजू लागला किंवा श्वास लागला, तर रात्र असो वा लग्नघर असो, डॉक्टरकडे निघावे.

हे सारे मी काकांना त्यांच्या ओसरीवर दोन संध्याकाळी बसून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "म्हणजे आजोबांच्या आणि माझ्या डोक्यात पर्किनसाहेब आडवा आला म्हणावयाचा." मी म्हटले, "साहेबाला बोल लावू नका काका, त्याला जांभळा रंग सापडला होता."

पंधरा दिवसांनी त्यांनी माळ्यावरून ती लोखंडी कढई खाली काढविली. बुडाला गंजाचा थर होता. काकूंनी ती चिंच लावून घासली आणि तीत आवळापूड व मेंदी भिजत घातली. मेंदीची पुडी आणताना काकांनी पाठीवरची घटकांची यादी दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घेतली, असे मला त्याच दुकानदाराने सांगितले. सकाळी लगदा काळा झाला होता. काकांनी आधी कानामागे बोटभर लावला आणि काकूंनी दिनदर्शिकेवर तारीख लिहिली. तिसऱ्या दिवशी, कान ठणठणीत असल्याची खात्री झाल्यावर, ते ओसरीवर उन्हात बसले. रंग काळा आला नाही, तांबूस तपकिरी आला. लेक माहेरी आली होती. ती बापाच्या डोक्याकडे बघून बराच वेळ हसत होती. काका तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आतून काकूंनी बजावले की ही कढई आता कोणी भाजीला घेऊ नका.